तोंडातली टाचणी

ताईला तोंडात टाचण्या धरून बोलता येई. नुसतं बोलता नव्हे, भांडता येई, उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला झापता येई, आणि काम मनासारखं उतरत असेल तर गुणगुणताही येई. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात टाचण्यांची रंगीत डोकी ओळीने दिसायची, आणि उजव्या कोपऱ्यातून शब्द बाहेर पडायचे. नवीन गिऱ्हाइकाच्या अंगावर काटा यायचा. "अहो, एखादी आत गेली म्हणजे?" असं कोणी विचारलंच, तर ती म्हणायची, "माझ्या तोंडातून माझ्या परवानगीशिवाय काही आत जात नाही आणि बाहेरही येत नाही." यातलं दुसरं अर्धं खोटं होतं. ताईच्या जिभेला हाड नव्हतं, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिच्या हाताला तोड नव्हती, म्हणून लोक ऐकून घेत.

त्या दुपारी ती भाचीच्या लग्नाचा पोशाख अंगावर बसवत होती. भाची स्टुलावर उभी होती. तिला सगळे ठकी म्हणत. लहानपणी शिवणाच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बाहुलीसारखी निजायची, म्हणून ताईनेच ते नाव ठेवलं होतं. ठकीचे वडील ती रांगत असतानाच गेले. धाकट्या बहिणीवर आभाळ कोसळलं, तेव्हा ताई आपलं शिलाई मशीन घेऊन तिच्या घरी राहायला आली. समोरच्या खोलीत दुकान थाटलं. धाकटी नोकरीला जाई, आणि ठकी मशीनच्या खडखडाटात मोठी होई. ताईचं स्वतःचं लग्न कधी जमलं नाही. कोणी विषय काढलाच तर ती म्हणे, "मला आयती मुलगी मिळाली. नवरा सांभाळायचा त्रास वाचला."

"हात खाली सोड. खांदा उचलू नकोस. तू काय ओझं उचलायला निघालीयस?" ताई टाचण्यांआडून म्हणाली.

ठकी हसली. हातातल्या फोनवर होणाऱ्या नवऱ्याचा निरोप वाचत होती. वाचता वाचता, सहज आठवल्यासारखं म्हणाली, "मावशी, तुझ्या खोलीला खिडकी आहे बरं का. मी मुद्दाम बघून आले. उजेड छान येतो."

"कुठल्या खोलीला?"

"तिथल्या. त्या वृद्धांच्या निवासातल्या." ठकीने फोनवरची नजर काढली नाही. "फक्त मशीन ठेवू देत नाहीत म्हणे. आवाज होतो ना. आई बोलली असेलच तुला."

"आई काय बोलली असेल?"

आता ठकीने खाली पाहिलं. चेहरा पडला. "म्हणजे... घराचं ठरलं ना. घर गेलं, मावशी. लग्नानंतर आई आमच्याकडेच येणार, आणि आमच्याकडे जागा... मला वाटलं तुला माहीत आहे."

ताईने श्वास आत ओढला. माणूस धक्का बसला की ओढतो तसा, तोंडाने. आयुष्यात कधी झाली नाही ती चूक झाली. घशात काहीतरी गार, बारीक ओरखडल्यासारखं झालं आणि खाली गेलं. तिने तोंडातल्या उरलेल्या टाचण्या तळहातावर काढल्या. निळ्या डोक्याची नव्हती. जमिनीवर पाहिलं, पोशाखाच्या घडीत पाहिलं, ठकीला स्टुलावरून उतरवून स्टुलाखाली पाहिलं. मग खुर्चीवर बसून ती अगदी शांतपणे म्हणाली, "गेली आत. रिक्षा बोलाव."

दवाखान्यात एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर बरगड्यांच्या खाली टाचणी स्पष्ट दिसत होती, डोक्यासकट. कोणीतरी पांढऱ्या खडूने एक छोटीशी रेघ मारावी तशी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं भराभर.

"जठरात आहे. नशीब समजा, अन्ननलिकेत रुतली नाही. पण तिथेच राहू देता येणार नाही. पुढे आतड्यात सरकली आणि टोचली, तर पोट उघडावं लागेल. आत्ता दुर्बिणीतून निघेल. शेवटचं काय खाल्लंत?"

"चहा घेतला. बिस्किटं."

"मग जरा थांबू. पोट रिकामं होऊ दे, नाहीतर उलटी होऊन फुप्फुसात जायची भीती." त्यांनी मान वर केली. "आजी, कशी गेली?"

"तोंडात धरली होती. शिवणकाम करते मी."

"मनात काही... म्हणजे कशाचा त्रास वगैरे नव्हता ना? मोठ्या माणसांनी असं टोकदार काही गिळलं की आम्हाला विचारावं लागतं."

ताईला प्रश्न समजायला क्षणभर लागला. समजल्यावर ती फणकारली, "मला मरायचं असतं तर घरात कात्री काय कमी आहे?"

तिच्या मते हा विनोद होता. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

तिला एका लांबट खोलीत पलंगावर बसवून ठेवलं. हिरवा पडदा, भिंतीला टेकवलेलं ऑक्सिजनचं नळकांडं, कोपऱ्यात फरशी पुसणारी बाई. नर्स तिला "मावशी, बादली हलवा" म्हणाली तेव्हा ताईच दचकून उठायला लागली. फरशी पुसणारी बाई हसली. "तुम्ही बसा हो. इथे मावशी मी."

थोड्या वेळाने धाकटी आली. कामावरून तशीच आलेली, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. आल्या आल्या तिने ताईचा हात धरला आणि म्हणाली, "किती वेळा सांगितलं होतं मी तुला? जन्मभर सांगत आले, त्या टाचण्या तोंडात धरू नकोस म्हणून!" तिचे डोळे भरले होते. ते खरे होते. पुढे काय झालं ते माहीत असूनही ताईने त्या डोळ्यांना कधी खोटं म्हटलं नाही.

पण त्या वेळी तिने हात सोडवून घेतला. "घर विकलंस?"

"ताई, ही वेळ आहे का?"

"मग कधी होती वेळ? पोशाख शिवून झाल्यावर?"

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. "तुला सांगायचं म्हणजे घरात आग लावून घ्यायची. तू ऐकून घेतलं असतंस? रोज सांगायचं ठरवत होते, रोज जीभ रेटत नव्हती."

"घर तुझं. विक, जाळ, मी कोण विचारणारी? पण मला त्या निवासात जायचं नाही. मी खोली बघते. मागच्या गल्लीतल्या घरमालकीणबाई कधीच्या म्हणताहेत, मागची खोली रिकामी आहे म्हणून. मशीन टाकते, दोन वेळचं मिळवते. मला कोणाचं काही नको."

"या वयात एकटी राहणार?"

"तुझ्याकडे आले तेव्हा काय दुकटी होते?"

"आणि लोक काय म्हणतील? बहीण पोरीकडे जाऊन आरामात बसली आणि हिला भाड्याच्या खोलीत मशीन मारायला सोडलं. जिने पोर वाढवली तिला."

"लोकांना मी सांगेन काय ते."

"तू सांगशील म्हणूनच भीती आहे," धाकटी हळूच म्हणाली, आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून नुसतीच हातात धरून बसली. ताईला पाणी प्यायला मनाई होती.

संध्याकाळी तिला आत नेलं. घशात फवारा मारला, कडू जहर. जीभ, टाळू, घसा, सगळं लाकडासारखं झालं. डाव्या कुशीवर झोपवलं. मग नर्सने दातांच्या मध्ये प्लास्टिकची जाड कडी बसवली आणि तिचा पट्टा डोक्यामागे आवळला. "दुर्बीण चावू नये म्हणून हं, आजी. आता बोलायचं नाही."

झोपेचं औषध अजून दिलं नव्हतं. सलाइनची सुई लावून नर्स औषध भरत होती. डॉक्टरीणबाई दुर्बीण हातात घेऊन तिचं टोक तपासत होत्या. काळी, लांब, बोटाएवढी जाड नळी, आणि टोकावर पातळ रबराची टोपी. बाहेर येताना ही टोपी उलटून टाचणीवर बसेल, म्हणजे टोक कुठे ओरखडणार नाही, असं त्या नर्सला समजावून सांगत होत्या. ताई ऐकत होती. तिला ते पटलं. असं काम नीट करणारी माणसं तिला आवडत.

तेवढ्यात दारात धाकटी दिसली. सही घ्यायला बोलावलं होतं. सही करून ती तिथेच घुटमळली.

"डॉक्टर, एक सांगायचं होतं."

"बोला, लवकर."

"तिला हल्ली... म्हणजे ती पूर्वीसारखी राहिली नाही. विसरते. चिडते. परवा इस्त्री तशीच तापत ठेवली होती. आणि आज दुपारी तिला पुढच्या व्यवस्थेबद्दल कळलं, ते तिला आवडलं नाही. आणि लगेच हे."

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण खाली केली. "मुद्दाम गिळली असं म्हणायचंय तुम्हाला?"

ताईने डोळे मोठे करून बहिणीकडे पाहिलं. धाकटीने ताईकडे पाहिलं नाही. दाराच्या चौकटीकडे बघत ती म्हणाली, "मी तसं म्हणत नाही. पण नाहीही म्हणत नाही."

इस्त्री! इस्त्री तापत राहिली होती ती दाराशी गिऱ्हाईक आलं म्हणून, आणि ते गिऱ्हाईक धाकटीच्याच ओळखीचं होतं. ताईला ओरडायचं होतं. घशातून निघाला तो गुरांसारखा हंबरल्याचा आवाज. तिने कडी काढायला हात वर नेला. नर्सने तो प्रेमाने, पण घट्ट धरून खाली दाबला.

"आजी, शांत राहा. बघा, घाबरल्यात. काही होत नाही हं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, असं लोक म्हणतात. ताईनेही शेकडो वेळा म्हटलं असेल, गिऱ्हाइकांची रडगाणी ऐकताना. तो मार कसा असतो ते तिला त्या पलंगावर कळलं. मग सलाइनमधून औषध गेलं. रागाच्या कडा बोथट झाल्या. राग गेला नाही, कोणीतरी त्याच्यावर गोधडी टाकावी तसा आत कुठेतरी धडपडत राहिला.

ती पूर्ण झोपली नव्हती. दुर्बीण घशातून उतरताना डोळ्यांतून पाणी वाहिलं. समोरच्या पडद्यावर तिचं आतलं दिसत होतं, ओलं, गुलाबी, घड्या घड्यांचं. महाग अस्तर असावं तसं. आणि त्या घडीत अडकलेली तिची टाचणी. निळं डोकं वर, टोक अस्तरात किंचित घुसलेलं. बारीक चिमटा पुढे आला, एकदा निसटला, दुसऱ्यांदा त्याने टाचणी टोकाच्या बाजूने पकडली. "सावकाश," डॉक्टरीणबाई स्वतःलाच म्हणाल्या. टाचणी टोपीत ओढली गेली. मग सगळं गुलाबी वर वर सरकत गेलं आणि ताईचे डोळे मिटले.

जागी झाली तेव्हा घसा सोलल्यासारखा होता. टाचणी एका छोट्या पारदर्शक बाटलीत घालून कोणीतरी धाकटीकडे दिली होती. धाकटीने ती ताईला दाखवली, लहान मुलाला पडलेला दात दाखवावा तशी. "बघ, निघाली. देवाची कृपा."

ताईने घोगऱ्या आवाजात विचारलं, "काय बोललीस तू त्यांना?"

"झोप तू आता," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरी सोडण्याआधी मनाचे डॉक्टर आले. वयस्कर, मऊ आवाजाचे, स्वेटरच्या बाह्या मनगटावर सैल झालेल्या. ताईला त्या बाह्या दिसल्याच. त्यांनी खुर्ची ओढली.

"आजी, काल काय झालं सांगाल?"

ताईने सांगितलं. पहिल्यापासून, नीट, आवाज न चढवता. घसा दुखत होता तरी सांगितलं.

"हं. म्हणजे घराबद्दलची बातमी कळली, त्याच क्षणी टाचणी गेली."

"दचकले म्हणून गेली."

"बरोबर आहे. खूप वाईट वाटलं असेल."

"वाटणारच. तुम्हाला नाही वाटणार? पण वाईट वाटलं म्हणून मी टाचणी नाही खाल्ली!"

"हो, आजी, हो." त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. "राग हल्ली लवकर येतो का?"

"मला राग जन्मापासून लवकर येतो! कोणालाही विचारा!"

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. ताईला कळून चुकलं की ही चढण वाळूची आहे. जितकं चढावं तितकं खाली यायला होतं. शांत बोललं तर खचलेली, तावातावाने बोललं तर चिडखोर, आणि गप्प बसलं तर सगळंच खरं. मग तिला ठकीची आठवण झाली. ठकी तिथे होती! समोर, स्टुलावर!

"माझ्या भाचीला बोलवा. तिच्यासमोर झालं सगळं. ती सांगेल."

ठकी बाहेरच होती. आत आली. मागोमाग धाकटीही येऊन दाराशी उभी राहिली. डॉक्टरांनी विचारलं, "बाळ, काल मावशींनी टाचणी गिळली तेव्हा तू काय पाहिलंस? दचकल्या का त्या?"

ठकीने मावशीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. ताईला तो चेहरा हाताच्या रेषांसारखा पाठ होता. ताप आला की गाल कुठे लाल होतात, खोटं बोलताना खालचा ओठ कसा आत ओढला जातो, सगळं. आत्ता तो ओठ आत ओढला गेला.

"मी फोनमध्ये बघत होते," ठकी म्हणाली. "मला नाही दिसलं."

"ठके," ताई म्हणाली. एवढंच.

"खरंच नाही दिसलं, मावशी." आणि ती रडायला लागली. धाकटीने तिला जवळ घेतलं. डॉक्टरांनी दोघींकडे सहानुभूतीने पाहिलं. त्यांच्या दृष्टीने ते एक दमलेलं, चांगलं कुटुंब होतं. एकटं ठेवू नका, टोकदार वस्तू हाताशी नकोत, महिन्याने पुन्हा दाखवायला आणा, असं सांगून ते गेले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं कोणावर?

घरी आल्यावर दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. पेज, मऊ भात, गार दूध वेळेवर मिळत होतं. समोरच्या खोलीत पोशाख पुतळ्यावर तसाच टांगलेला होता. एका खांद्याला टाचण्या, दुसरा खांदा नुसता. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी चहाचा कप घेऊन आली आणि कप ठेवून उभीच राहिली.

"काय ते बोल," ताई म्हणाली.

"पोशाखाचं काय करायचं? लग्न तोंडावर आलंय. दुसऱ्या कोणाकडे द्यायचा तर तुझं कापलेलं कोणाला उमगणार नाही. ठकी रडतेय. तू बसशील का जरा?"

ताईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिला हसू आलं. घसा दुखेपर्यंत हसली.

"टाचण्या देतेस माझ्या हातात? कात्रीपण? आणि मी गिळल्या म्हणजे?"

"असं काय करतेस? तोंडात धरू नकोस म्हणजे झालं."

हे वाक्य धाकटीच्या तोंडून सहज निघून गेलं. निघाल्यावर दोघींनाही ते ऐकू आलं. धाकटी पलंगावर बसली.

"म्हणजे तुला माहीत आहे," ताई म्हणाली.

"माहीत आहे." धाकटीने आता प्रथमच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "पहिल्यापासून माहीत आहे. मी तुझी बहीण आहे, मला नाही कळणार?"

"मग का बोललीस?"

"दमले म्हणून. तुला ठाऊक नाही तुझ्याबरोबर राहणं काय असतं ते. घर माझं, पोर माझी, आणि तोंड तुझं. मी पोरीला काय खाऊ घालायचं, कुठल्या शाळेत घालायचं, कुठल्या रंगाचं नेसवायचं, सगळ्याला तुझी टाचणी. तू उपकार केलेस, नाही म्हणत नाही मी. पण रोज केलेस, ताई. एक दिवस सोडला नाहीस. तू बाहेर खोली घेऊन राहिली असतीस तर दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं असतंस, माझ्या बहिणीने मला टाकलं. मी तिथेही तुझ्याच तोंडात राहिले असते." ती श्वास घ्यायला थांबली. "डॉक्टरांनी विचारलं, आणि मला एकदम वाटलं, आता कोणी मला नावं ठेवणार नाही. एवढंच वाटलं. बास."

यातलं बरंचसं खरं होतं, आणि तेच ताईला जास्त लागलं. निव्वळ खोटं असतं तर भांडता आलं असतं.

"पोशाख मी शिवणार नाही," ती शेवटी म्हणाली. "डॉक्टरांची मनाई आहे."

दुपारी ती मागच्या गल्लीत गेली. घरमालकीणबाई तिची जुनी गिऱ्हाईक. त्यांच्या तीन मुलींचे, आणि आता नातींचेही कपडे ताईने शिवले होते. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, तब्येत विचारली. मागच्या खोलीचा विषय निघाला तसा त्यांचा आवाज मऊ झाला. दवाखान्यातल्या त्या मनाच्या डॉक्टरांसारखा.

"काय आहे ना ताई, खोली द्यायला माझी ना नाही. पण घरात नाती आहेत. लहान पोरी. उद्या काही कमीजास्त झालं तर..."

"काय कमीजास्त होणार आहे?"

"धाकट्या बाई येऊन गेल्या काल. बिचाऱ्या रडत होत्या. तुमच्या काळजीनेच हो. मला म्हणाल्या, कोणाला बोलू नका. मी कशाला बोलतेय? तुम्हीपण मनाला लावून घेऊ नका. या वयात होतं असं."

ताईने फुलपात्र खाली ठेवलं. या बाईला काय सांगायचं? दवाखान्यात सांगून झालं होतं. ती उठली. घरी येताना वाणी, इस्त्रीवाला, औषधाच्या दुकानातली पोर, सगळे तिच्याकडे जरा जास्तच आपुलकीने बघताहेत असं तिला वाटलं. जिच्या तोंडाला गल्ली टरकून होती, तिला आता लोक सांभाळून घेत होते.

लग्नाआधीच ती निवासात गेली. नेऊन सोडायला कोणी यायला नको म्हणाली. पोशाख दुसऱ्या शिंप्याने पुरा केला. एक खांदा शेवटपर्यंत बसला नाही, असं कुठूनसं कानावर आलं. त्याचा तिला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

निवास स्वच्छ होता. खोलीला खरोखरच खिडकी होती, आणि उजेड छान येत होता, शिवायला लागतो तसा. पहिल्याच आठवड्यात ताईने सुईदोरा मागितला. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी अपराधी चेहरा केला. "तुमच्या बाबतीत नाही देता येणार, आजी. वरून सूचना आहे. सुई, टाचणी, कात्री, काही नाही. लोकर हवी का? प्लास्टिकच्या जाड सुया मिळतात." ताईने त्यांना सगळी हकिकत सांगितली. बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "हो, आजी, हो." त्यानंतर ताईने ती हकिकत कोणालाही सांगितली नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा एका रविवारी ठकी आली. एकटीच. लग्नानंतर पहिल्यांदाच. फळं आणली होती. सासरच्या घरातल्या खोल्या, आईचं गुडघ्याचं दुखणं, असं काहीबाही बोलत बसली. व्यवस्थापक बाई फेरीला आल्या, तर ताईच्या लोकरी जाकिटाचं बटण लोंबत होतं.

"द्या इकडे, मी लावून देते," त्या म्हणाल्या आणि सुईदोरा घेऊन तिथेच खुर्चीवर बसल्या. दोरा काळा, जाकीट तपकिरी. काजाची जागा न बघता, वरून खाली, खालून वर.

ठकीला गप्प राहवलं नाही. कौतुकाने म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे? आमच्या मावशीने अख्ख्या गावाचे कपडे शिवलेत. असा हात कोणाचाच नाही!"

"हो का?" बाई हळहळल्या. "मग तर फारच वाईट झालं हो."

ठकीचा खालचा ओठ आत ओढला गेला. ताई तिच्याकडे बघत होती. आता म्हणेल, ताईला वाटलं. आता, या क्षणी. एकच वाक्य तर आहे, मी पाहिलं होतं, ती दचकली होती. बाईंनी दोरा दातांनी तोडला. ठकी उठली, मावशीच्या पाया पडली आणि म्हणाली, "निघते मी. बस चुकेल."

"सांभाळून जा," ताई म्हणाली.

बाईंनी जाकीट तिच्या खांद्यावर घातलं, पुढून बटण लावून बघितलं. ते एका बोटाने खाली बसलं होतं, आणि जाकिटाची एक बाजू वर चढली होती.

"झालं की नाही छान?"

"छान झालं," ताई म्हणाली.